नापा आणि सोनोमा : दिवसाला दोनच वायनरी

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार मैत्रिणी उत्तर कॅलिफोर्नियातल्या नापा आणि सोनोमा या शेजारशेजारच्या द्राक्षखोऱ्यांत सोमवार ते बुधवार असे तीन दिवस फिरून आलो. वसतिगृहातल्या दिवसांपासूनची ओळख, पण चौघी एकत्र भेटण्याचा योग नऊ वर्षांनी आला होता. एक सिअ‍ॅटलहून आली, एक पुण्याहून, आणि आम्ही दोघी सॅन होजे परिसरातल्याच. निघताना आमच्यातल्या सुलभाने केलेल्या यादीत अकरा वायनरींची नावे होती. प्रत्यक्षात आम्ही पाच पाहिल्या आणि त्यांतली पहिली वगळली असती तरी काही बिघडले नसते.

मोसमाची निवड मात्र उत्तम ठरली. बहुतेक लोक द्राक्षतोडणीच्या काळात, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत येतात. तेव्हा वेलींवर घड असतात आणि हवेत आंबवणाचा वास असतो हे खरे, पण रस्ते तुंबलेले असतात, खोल्यांचे दर चढलेले असतात आणि वायनरीतल्या माणसांना मान वर करायला फुरसत नसते. फेब्रुवारीत वेली झोपलेल्या असतात आणि त्यांच्या ओळींमधून मोहरी फुललेली असते. ही मोहरी कोणी तेलासाठी लावत नाही. ती जमिनीतल्या सूत्रकृमींना आवर घालते आणि नंतर हिरवळीचे खत म्हणून मातीत गाडली जाते. काळ्या, वाकड्या, निष्पर्ण खोडांच्या मधून पसरलेला तो पिवळा पट्टा पाहताना पुण्याहून आलेली वसुधा पहिला अर्धा तास काहीच बोलली नाही, आणि वसुधा न बोलणे ही आमच्यात नोंद घेण्याजोगी घटना असते. एक दिवस पाऊस लागला, सकाळी कडक थंडी असे, आणि काही लहान वायनरी मोसम नसल्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांत बंद होत्या. एवढी किंमत मी पुन्हा आनंदाने मोजीन.

आता वेळ ठरवून जाण्याबद्दल, कारण नवख्या माणसाची पहिली अडचण तिथेच होते. नापामध्ये वाटेत दिसलेल्या फाटकातून आत वळावे आणि दोन घोट चाखून पुढे जावे, असे फारसे करता येत नाही. नापा काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, १९९० साली केलेल्या नियमानुसार त्यानंतर सुरू झालेल्या वायनरींना आधी वेळ ठरवून आलेल्या पाहुण्यांनाच चाखणी देता येते, आणि ज्या जुन्या वायनरींना हे बंधन नव्हते त्यांतल्याही अनेकांनी आता आरक्षणाचीच पद्धत स्वीकारली आहे. यामागे माजोरीपणा नाही. या खोऱ्याने १९६८ मध्येच आपली शेतजमीन कायद्याने राखीव केली, अमेरिकेतला तो अशा प्रकारचा पहिला प्रयोग, आणि त्यामुळेच सॅन फ्रान्सिस्कोपासून दीड तासाच्या अंतरावर असूनही इथे इमारतींऐवजी अजून वेली उभ्या आहेत. पर्यटकांची वर्दळ मर्यादित ठेवणे हा त्याच धोरणाचा पुढचा भाग आहे. खोरे तसे लहानच आहे, लांबी सुमारे ४८ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त आठ. कॅलिफोर्नियाच्या एकूण वाइनपैकी जेमतेम चार टक्के वाइन इथे होते. नाव मात्र सगळ्यात मोठे.

त्या मोठ्या नावाचा फटका आम्हाला पहिल्याच दुपारी बसला. हायवे २९ वरच्या एका भव्य वायनरीत, जिचे नाव मी इथे घेत नाही, आम्ही माणशी ७५ डॉलर आधीच भरून वेळ घेतली होती. उंच छत, संगमरवरी फरशी, भिंतीवर पारितोषिके. बसायला मात्र जागा नाही. एका लांबलचक काउंटरपाशी उभे करून पंचेचाळीस मिनिटांत पाच वाइन आमच्यापुढे ओतण्यात आल्या. ओतणारा तरुण सभ्य होता, पण शाळेतल्या मुलाने पाठ केलेले भाषण म्हणावे तसे तो बोलत होता आणि मध्ये प्रश्न विचारला की त्याची गाडी रुळावरून घसरत होती. तिसऱ्या पेल्याबरोबर वाइन क्लबच्या सभासदत्वाचा अर्ज आला, चौथ्याबरोबर त्या अर्जाची आठवण. वाइन वाईट होती का? मला सांगता येणार नाही, कारण एक पेला जिभेवर स्थिरावण्याआधीच दुसरा पुढे येत होता. बाहेर पडल्यावर गाडीत बसून आम्ही यादीतली सहा नावे खोडली. त्यांत त्या दिवशीची पुढची वायनरीसुद्धा होती, तिची आगाऊ भरलेली रक्कम बुडाली, आणि नापा गावातल्या ऑक्सबो मार्केटात जाऊन पाव, चीज आणि गरम सूप घेऊन निवांत बसलो.

हिशेबानेही हे शहाणपणाचेच होते. चाखणीच्या प्रत्येक पेल्यात साधारण पन्नास मिलिलिटर वाइन असते. पाच पेल्यांचे अडीचशे, म्हणजे बाटलीचा एकतृतीयांश भाग. दिवसाला तीन वायनरी केल्या तर माणशी अख्खी बाटली पोटात जाते, आणि इथल्या वाइनमध्ये मद्यार्क बहुधा चौदा टक्क्यांच्या वरच असतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक टेबलावर एक भांडे ठेवलेले असते. चाखावे, तोंडात घोळवावे आणि थुंकावे. ज्यांच्या आजोळी पितळी पिकदाणी पाहुण्यांसमोर मानाने ठेवली जात असे, त्यांना याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. तरी पहिल्या दिवशी आम्ही चौघीही लाजलो. दुसऱ्या दिवशी सुलभाने सुरुवात केली आणि तिचे पाहून आम्ही सरावलो.

गाडीसाठी आम्ही दुसऱ्या दिवशी ताशी ६० डॉलर देऊन चालक घेतला. आपलीच गाडी चालवून देणारे चालक इथे मिळतात, आणि चौघींत विभागल्यावर तो खर्च मोठ्या सहल-गाडीपेक्षा पुष्कळ कमी पडतो. वयाने साठीच्या पुढचा हा गृहस्थ फारसे बोलत नसे, पण नेण्याचा रस्ता त्याने बरोबर निवडला. हायवे २९ सोडून तो आम्हाला खोऱ्याच्या पूर्वेकडच्या सिल्व्हराडो ट्रेलने घेऊन गेला. दोन्ही रस्ते समांतर जातात, परंतु एकावर सिग्नल, दुकाने आणि बस, तर दुसऱ्यावर डोंगराचा पायथा आणि ओळीने बागा. डोंगरांवर काही ठिकाणी जळालेल्या झाडांचे काळे सांगाडे उभे होते. २०२० च्या सप्टेंबरमधल्या ग्लास फायर नावाच्या वणव्याने या भागातली घरे आणि काही वायनरीही गिळल्या होत्या.

शॅटो माँटेलेना ही या सहलीतली सगळ्यात सविस्तर सांगण्यासारखी जागा. १८८२ साली स्थापन झालेल्या या वायनरीची दगडी इमारत वेलींनी झाकलेली आहे, खाली जेड लेक नावाचे तळे आहे आणि त्यावर चिनी पद्धतीचे लाल मंडप. पण लोक इथे येतात ते एका तारखेमुळे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या ब्रिटिश वाइनविक्रेत्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइनची आंधळी चाखणी घडवून आणली. बाटल्या झाकलेल्या, नऊ परीक्षक सगळे फ्रेंच. पांढऱ्या वाइनमध्ये माँटेलेनाची १९७३ ची शार्डने पहिली आली आणि लाल वाइनमध्ये याच खोऱ्यातल्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने सोव्हिन्यों (ही दोन्ही नावे द्राक्षांच्या जातींची). दोन्हींची एकेक बाटली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ही कथा नापातल्या प्रत्येक काउंटरवर ऐकायला मिळते. माँटेलेनात मात्र आम्हाला वाइन देणाऱ्या बाईंनी तिच्यातला एक तपशील हसत हसत सांगितला, जो इतरत्र सहसा गाळला जातो : नापाचे नाव जगभर करणाऱ्या त्या शार्डनेची बरीचशी द्राक्षे डोंगरापलीकडच्या सोनोमा काउंटीतून आली होती.

या बाईंनी आम्हाला बसवले, चौघींच्या मध्ये खुर्ची ओढून स्वतः बसल्या आणि पहिल्या पेल्यावर वीस मिनिटे घालवली. बऱ्याच शार्डने लोण्यासारख्या का लागतात, असे मी विचारले होते. द्राक्षात हिरव्या सफरचंदासारखे आंबट मॅलिक आम्ल असते. जिवाणूंकरवी त्याचे रूपांतर दह्याताकात असते त्या लॅक्टिक आम्लात होऊ दिले की वाइन मऊ होते आणि तिला लोण्याचा वास येतो. माँटेलेना आपल्या शार्डनेत हे रूपांतर होऊ देत नाही. त्यामुळे तिच्यात आंबटपणाची धार शिल्लक राहते. आम्ही पुन्हा एक घोट घेतला आणि चौघींनाही ती धार स्पष्ट जाणवली, जी पहिल्या घोटात कोणालाच कळली नव्हती. नंतर कॅबर्नेच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या. बाईंनी काळ्या मनुका, देवदार, शिसपेन्सिल असे शब्द वापरले. वसुधाने शांतपणे मराठीत सांगितले, ‘‘जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी.’’ इंग्रजीत ज्याला लोक नुसते कोरडे म्हणून मोकळे होतात, त्याला आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे, आणि द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणाऱ्या टॅनिनचे वर्णन याहून अचूक करता येणार नाही. नव्या वर्षाची वाइन कच्च्या सुपारीइतकी तुरट होती; जुन्या वर्षाची तुरट होती, पण जिभेला सोडत होती.

त्याच दुपारी सिल्व्हराडो ट्रेलवरच्या एका लहान वायनरीत गेलो. वाइन ठीक होती, इतकेच म्हणेन. लक्षात राहिला तो आमच्यातल्या मीनलने विचारलेला प्रश्न. ती अंडेही खात नाही. वाइन नितळ करण्यासाठी लाल वाइनमध्ये अंड्याचा पांढरा भाग आणि पांढरीत माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेले आयसिंग्लास किंवा दुधातले केसीन वापरण्याची जुनी रीत आहे; गाळ बसला की तो काढून टाकतात. कित्येक ठिकाणी आता बेंटोनाइट नावाची माती वापरतात किंवा वाइन तशीच निवळू देतात, परंतु बाटलीवर ते लिहिलेले असेलच असे नाही. ओतणाऱ्या मुलीला उत्तर येत नव्हते, पण तिने अंदाज न सांगता आत जाऊन वाइन बनवणाऱ्यांनाच विचारून सांगितले. दोन वाइन चालणार होत्या, एक नाही. ती एक बदलून तिने दुसरी दिली. शाकाहारी मंडळींनी हा प्रश्न बिनदिक्कत विचारावा.

मुक्काम खोऱ्याच्या उत्तर टोकाच्या कॅलिस्टोगा गावी, गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या कुंडासाठी निवडलेल्या एका छोट्या विश्रामगृहात होता. दोन रात्री, दोन खोल्या, सगळे मिळून ९०० डॉलर. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांचे घोरणे आम्हाला ताला-सुरासकट पाठ झाले, आणि न्याहरी म्हणजे गोड पाव आणि फिकी कॉफी. मात्र पहाटे सहाला, बाहेर बोटे आखडणारी थंडी असताना, वाफा सोडणाऱ्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसण्याचे सुख या सगळ्याची भरपाई करणारे होते.

तिसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून सोनोमात आलो. रात्रभर पडलेला पाऊस नुकताच थांबला होता. सोनोमा काउंटी नापाच्या दुपटीहून मोठी आहे आणि तिची चाल वेगळी आहे. सोनोमा गावाच्या मधोमध मोठा चौक, त्याच्या कडेला १८२३ साली उभारलेले ख्रिस्ती धर्मप्रसारकांचे मिशन, कॅलिफोर्नियातल्या एकवीस मिशनांपैकी शेवटचे, आणि त्याच चौकात १८४६ मध्ये मेक्सिकोच्या तेव्हाच्या राजवटीविरुद्ध बंड करून अस्वलाचा झेंडा फडकवला गेला होता. तिथून जवळच ब्युएना व्हिस्टा ही १८५७ साली सुरू झालेली वायनरी आहे. तिचा संस्थापक अगोश्टोन हारास्ती हा हंगेरियन गृहस्थ स्वतःला काउंट म्हणवून घेई. त्याने युरोपातून शेकडो जातींच्या वेलींच्या कांड्या आणल्या आणि शेवटी १८६९ मध्ये निकाराग्वात नदीत मगरींच्या तोंडी गेला असे मानले जाते. वायनरीने ही सगळी नाट्यमयता पुरेपूर वापरली आहे, काहीशी जास्तच. झुंबरे आणि मखमल यांच्यामध्ये वाइन थोडी मागे पडते. डोंगरात खोदलेली जुनी तळघरे मात्र पाहण्याजोगी आहेत.

शेवटची जागा सोनोमा खोऱ्यातली, एका कुटुंबाची. तिथे चाखणीचे माणशी ३५ डॉलर होते आणि दोन बाटल्या घेतल्यावर तेही माफ झाले. कोठाराच्या बाहेर लाकडी बाक, समोर जुन्या झिन्फँडेलची बाग. तारा नाहीत, मांडव नाही. माणसाच्या कमरेएवढी, जाड, गाठाळ खोडे एकेकटी उभी, वय शंभराच्या पुढे. झिन्फँडेलला कॅलिफोर्निया आपले द्राक्ष समजत आली, पण तिचे मूळ क्रोएशियात असल्याचे डीएनए चाचणीने सिद्ध झाले आहे. मालक स्वतः कात्री घेऊन छाटणी करत होते. वसुधाचे माहेर निफाडचे. ती चिखलातून सरळ त्यांच्यापाशी गेली आणि छाटताना कांडीवर किती डोळे, म्हणजे फुटीचे अंकुर, राखता, असे तिने विचारले. दोन, ते म्हणाले, आणि कांडी हातात धरून दाखवली. छाटलेल्या टोकाला पाण्याचा थेंब जमला, लोंबला आणि पडला. थंडी सरत आली की वेल अशी पाझरू लागते. नाशिककडे वेलीला झोपवणारी थंडी नसते म्हणून वर्षात दोनदा छाटावे लागते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये घडांसाठी गोडी छाटणी, हे वसुधाने समजावले तेव्हा त्यांनी कात्री खिशात घातली आणि वेलीला मग विश्रांती कधी, असा प्रश्न केला. पुढचा पाऊण तास आम्ही तिघी बाकावर होतो आणि त्या दोघांचे बोलणे ओळींमधून ऐकू येत होते. आमच्या पाचही चाखण्यांत एवढे मोलाचे काही घडले नाही, आणि त्याचे पैसे कोणी लावले नाहीत.

या वायनरीत आपला डबा आणायला परवानगी होती. सगळीकडे नसते, म्हणून आधी विचारून घ्यावे. वसुधाने पुण्याहून भाजणीची चकली आणि लसणाची चटणी आणली होती. चकली आणि इथली आंबटसर पांढरी वाइन यांचे छान जुळले, कारण खारट-तेलकट चवीनंतर तो आंबटपणा तोंड धुऊन काढतो. चटणीवर लाल वाइनचा प्रयोग मी केला. तिखटावर जास्त मद्यार्क पडला की आग वाढते, कमी होत नाही. मालकांच्या पत्नीने न बोलता पाण्याचा तांब्याएवढा जग आणून ठेवला.

पुन्हा गेले तर दोन्ही रात्री सोनोमातच राहीन, नापाला एकच दिवस देईन आणि तो मंगळवार किंवा बुधवार असेल. वायनरी निवडताना पारितोषिके न पाहता दोन गोष्टी विचारीन : बसायला मिळते का, आणि एका वेळी किती पाहुणे घेता. ज्यांना दारूचे फारसे आकर्षण नाही, पण शेती, आंबवण आणि गप्पा यांत रस आहे, अशांना ही सहल अधिक आवडेल; ज्यांना रात्रीची मौज हवी त्यांनी इकडे फिरकू नये, कारण नऊ वाजता कॅलिस्टोगात कुत्रेही भुंकत नाही. प्रत्येकीचा या तीन दिवसांचा खर्च, बाटल्या वगळून, सहाशे डॉलरच्या आत बसला.

जेवताना उघडलेली झिन्फँडेलची अर्धी बाटली उरली होती. कॅलिफोर्नियात उघडलेली बाटली गाडीत हाताशी ठेवता येत नाही, म्हणून मालकांनी बूच घट्ट दाबून ती डिकीत कपड्यांच्या पिशवीत खोचून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पिठल्याला फोडणी घालताना ती सापडली. आदल्या दिवशी बाकावर बसून ती जरा आडदांड आणि जास्तच तुरट असल्याचे मीच मोठ्याने म्हटले होते. रात्रभर हवा लागून तिचा तुरटपणा बसला होता आणि खालून पिकलेल्या करवंदाची चव वर आली होती. वसुधाचे विमान रात्री अकराचे होते. तिने एक घोट घेतला, पेला दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, ‘‘ही काल आपण घाईत प्यालो.’’